इंग्लंडात फ्लॅट घेतलाय? मग लीजची किती वर्षं उरलीत ते आधी बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोर्तुगीज पासपोर्ट काढून गोव्यातून इंग्लंडला जाणाऱ्यांवर आपल्या पेपरात कायम काही ना काही छापून येतं, कोण गेलं, का गेलं, भारतीय नागरिकत्वाचं काय होतं, लिस्बनला जन्म नोंदवला तर पुढे काय, आणि ते यायलाच पाहिजे. पण गेलेली आपली पोरं आता तिथे घरं घ्यायला लागलीत, स्विंडनला, साउथॉलला, हाउन्सलोला, आणि त्या घरांबद्दल मराठीत एक अक्षर कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा, कारण यात ज्यांचे पैसे गुंतलेत ते बरेचसे आईबाप इथेच फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगावला बसलेले आहेत.

मी मामलेदार कचेरीत नोकरी करून रिटायर झालेली बाई, त्यामुळे जमिनीचे कागद वाचायची सवय हाडात भिनलेली. आपण गोव्यातली माणसं जमिनीच्या बाबतीत किती चौकस ते मी टेबलामागे बसून बघितलंय. साधा शंभर मीटरचा प्लॉट घ्यायचा तरी एक-चौदाचा उतारा काढा, सर्व्हेचा नकाशा बघा, जुनी इन्व्हेंटरी (वारसांची कोर्टातली वाटणी) झालीय का, कुठला भाऊ राहिलाय का, विकणाऱ्याच्या बायकोची सही आहे का, कारण आपल्याकडे सिव्हिल कोडप्रमाणे नवराबायको दोघांची सही लागते, कुळ आहे का, मुंडकार (भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) आहे का, सगळं वकिलाकडून तीस-तीस वर्षं मागे जाऊन तपासतो. आणि तीच आपण माणसं पोरगा फोनवर म्हणाला की आई इथे दोन बेडरूमचा फ्लॅट मिळतोय, डिपॉझिटला थोडे कमी पडतायत, की भाट (नारळीची बाग) विकतो, एफडी मोडतो, पैसे पाठवतो आणि एक प्रश्न विचारत नाही. तिथली बँक आपल्याकडून पत्र लिहून घेते की हे पैसे मी मुलाला भेट दिले, परत मागणार नाही आणि घरावर माझा काही हक्क नाही, ते पत्रसुद्धा आपण सही करून मोकळे होतो. मग निदान ज्या घरासाठी हे सगळं करतोय ते घर आहे तरी काय हे विचारायला नको का?

विचारायचा प्रश्न एकच आहे. फ्लॅट फ्रीहोल्ड आहे की लीजहोल्ड, आणि लीजहोल्ड असेल तर लीजची किती वर्षं उरलीत?

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट जवळजवळ सगळेच लीजहोल्ड असतात. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथलं मी बोलत नाही.) म्हणजे बिल्डिंग आणि खालची जमीन एका मालकाची, त्याला तिथे फ्रीहोल्डर म्हणतात, आणि आपण जो लाख दीड लाख पौंड मोजून फ्लॅट 'विकत' घेतो तो खरं तर ९९ किंवा १२५ वर्षांसाठी, नशीब चांगलं असेल तर ९९९ वर्षांसाठी राहायचा हक्क घेतो. ती मुदत फ्लॅट विकला तरी नव्याने सुरू होत नाही. पहिल्या माणसाने घेतला त्या दिवसापासून घड्याळ चालू झालेलं असतं, आणि तुम्ही तिसरे चौथे मालक असाल तर तुमच्या वाट्याला उरलेली वर्षं येतात. वर दरवर्षी फ्रीहोल्डरला ग्राउंड रेंट म्हणजे जमिनीचं भाडं द्यायचं, देखभालीचा सर्व्हिस चार्ज वेगळा. शेवटी मुदत संपली की फ्लॅट कायद्याने परत फ्रीहोल्डरचा. मुदत संपल्या दिवशी सामान रस्त्यावर टाकतात असं नाही, राहणाऱ्याला थोडं संरक्षण आहे, पण मालकी म्हणून जे आपण पैसे मोजून घेतलं ते संपलेलं असतं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते कोमुनिदादीचं (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचं) आफ्रामेंत, म्हणजे जमिनीचा पट्टा. कोमुनिदादीची जमीन आफ्रामेंतावर घेऊन पिढ्यान् पिढ्या त्यात राहिलेली आणि दरवर्षी फोर म्हणजे ठरलेला खंड भरणारी घरं आपल्या गावागावात आहेत. म्हणून कोणी 'लीज' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तेच येतं, वर्षाला थोडा फोर भरायचा, बाकी घर आपलंच. पण आफ्रामेंत कायमचं असतं, त्याला शेवटची तारीख नसते. इंग्लंडच्या लीजला असते, आणि ती पहिल्या दिवसापासून कागदावर छापलेली असते. हा फरक लक्षात न आल्याने माणसं बिनघोर राहतात असं मला वाटतं.

आता माझ्या घरचंच सांगते. माझ्या जावयाच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, त्यांची नोंद लिस्बनला झाली, मग जावयाचं झालं, आणि ब्रेक्झिटचं दार बंद व्हायच्या आधी दोघं स्विंडनला पोचली. २०२१ मध्ये त्यांनी फ्लॅट घेतला. २०२४ च्या चवथीला (गणेश चतुर्थीला) दोघं घरी आली होती तेव्हा मी लेकीला म्हटलं, तुझ्या घराचे कागद दाखव बघू. ती म्हणाली, "आई, सगळं सॉलिसिटरने बघितलंय गं." म्हटलं बघितलं असेल, मलाही बघू दे. तिने फोनवर लीजची पीडीएफ उघडून दिली. चाळीसेक पानं, सगळी इंग्रजी, पण पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलेलं, मुदत ९९ वर्षं, २५ मार्च २००७ पासून. २५ मार्च हा तिकडे भाडं द्यायच्या चार ठरलेल्या जुन्या दिवसांपैकी एक, त्यामुळे खूप लीज याच तारखेला सुरू झालेल्या दिसतात. मी बोटांवर हिशेब केला, म्हणजे २१०६ च्या मार्चमध्ये संपणार, त्या दिवशी साडेएक्क्याऐंशी वर्षं राहिली होती. जावई म्हणाला, "मग काय आई, आम्ही कुठे तेवढे जगणार, आमच्या पोरांचीही सोय झाली." आणि हे ऐकून कोणालाही पटेल, मलाही त्या घडीला पटलं असतं, पण तेवढ्यात त्याच्याच मोबाईलवर आम्ही लीज वाढवण्याचा कायदा शोधला आणि तिथे ऐंशी वर्षांची गोष्ट वाचली.

ही ऐंशी वर्षांची गोष्ट नीट समजून घ्या, सगळं पत्र त्यासाठीच आहे.

१९९३ साली इंग्लंडात कायदा झाला की २१ वर्षांहून जास्त मुदतीचं लीज असलेल्या फ्लॅटवाल्याला लीज वाढवून मागायचा हक्क आहे. फ्रीहोल्डरची मर्जी असो नसो, उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्यावर येतं. त्याबदल्यात फ्रीहोल्डरला एकरकमी प्रीमियम द्यायचा. आता तो प्रीमियम कसा काढतात? एक भाग म्हणजे बुडणाऱ्या ग्राउंड रेंटची भरपाई. दुसरा भाग म्हणजे मुदत संपल्यावर फ्लॅट फ्रीहोल्डरला परत मिळणार होता तो आता ९० वर्षं उशिरा मिळणार, त्याची भरपाई. हा दुसरा भाग मुदत लांब असेल तर अगदी थोडा येतो. समजा फ्लॅट १,८०,००० पौंडांचा आहे. वर्षाला ५ टक्के धरून, आणि तिथले व्हॅल्युअर म्हणजे घराची किंमत काढणारे तज्ज्ञ फ्लॅटला साधारण हाच दर धरतात, ८० वर्षांनी मिळणाऱ्या १,८०,००० ची आजची किंमत होते ३,६०० पौंडांच्या आसपास. तोच हिशेब ६० वर्षांचा केला तर ९,६०० च्या वर जातो. म्हणजे नुसतं थांबल्याने रक्कम अडीचपट झाली.

पण खरा दणका तिसऱ्या भागाचा. त्याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. लीज वाढवल्यावर फ्लॅटची किंमत वाढते, ती जी एकूण वाढ होते त्यातला अर्धा हिस्सा फ्रीहोल्डरला द्यायचा. आणि हा हिस्सा लीज ८० वर्षांवर किंवा त्याच्या खाली आलं तरच लागतो, ८० पेक्षा जास्त उरलेली असतील तर शून्य. मधे काही उतार नाही, पायरी आहे, ८० वर्षांच्या वर एक दिवस जरी असलात तर काही नाही आणि ८० वर आलात की लागू. परत तोच फ्लॅट घ्या, लीज ७० वर्षं उरलंय म्हणून आज त्याची किंमत १,६०,००० आहे, वाढवल्यावर १,८०,००० होणार. पहिले दोन भाग मिळून समजा ८,४०० झाले. १,८०,००० मधून १,६०,००० आणि ८,४०० वजा केले की उरले ११,६००, त्याचे अर्धे ५,८००. मग प्रीमियम झाला १४,२०० पौंड. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक फ्लॅटला आकडे वेगळे येणार, पण रीत हीच. आणि ५,८०० पौंड म्हणजे आपले सहा लाखांच्या वर, फक्त लीज वाढवून मागायची नोटीस वेळेत दिली नाही म्हणून.

वर आपल्या वकिलाची आणि व्हॅल्युअरची फी तर आहेच, शिवाय फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही आपणच द्यायचा असा तो कायदा आहे. मला हे वाचून रागच आला, हक्क माझा आणि समोरच्याच्या वकिलाची फीसुद्धा मीच भरायची. पण आहे ते असं आहे.

चवथ करून पोरं परत गेली आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यांना एक पत्र आलं. फ्रीहोल्डरचा जो एजंट ग्राउंड रेंट गोळा करतो त्याच्याकडून. छान रंगीत कागद, वर लिहिलेलं की तुमचं लीज कमी होत चाललंय, आम्ही तुम्हाला सोप्या पद्धतीने, कोर्टकचेरी न करता, परत ९९ वर्षांचं करून देतो, अमुक इतके पौंड भरा, ही ऑफर चार आठवडे खुली आहे. रक्कम वाचून जावई खूश, कारण एका व्हॅल्युअरने आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा ती कमी होती. मी म्हटलं बारीक अक्षरातलं वाचून दाखव. तर खाली होतं की ग्राउंड रेंट जुन्या लीजची मुदत संपेपर्यंत आहे तसंच चालू राहील. त्यांचं ग्राउंड रेंट आज वर्षाला १५० पौंड आहे पण लीजमध्ये लिहिलंय की दर २५ वर्षांनी दुप्पट. म्हणजे २०३२ ला ३००, २०५७ ला ६००, २०८२ ला १,२००. आणि 'परत ९९ वर्षं' म्हणजे मिळाली किती, तर अठराच! कायद्याच्या वाटेने गेलं तर ८१ वर ९०, म्हणजे १७१ वर्षं, आणि ग्राउंड रेंट त्या दिवसापासून शून्य. एजंटच्या पत्रात याचा एका ओळीत उल्लेख नाही. त्यांनी ते सांगायला पाहिजे असं कुठल्या कायद्यात नसेलही, पण पोराबाळांच्या घरात राहणाऱ्या, दिवसभर वेअरहाउसात उभं राहून आलेल्या माणसाच्या हातात असं पत्र द्यायचं आणि वर चार आठवड्यांची घाई लावायची हे मला अजिबात बरोबर वाटत नाही, आणि अशी पत्रं तिथल्या आपल्या खूप जणांना येत असणार.

शिवाय एजंटशी खासगी बोलणी करताना घड्याळ थांबत नाही. त्यांनी आज हो म्हणायचं, मग कागद हळूहळू फिरवायचे, सहा महिन्यांनी ऑफर मागे घ्यायची, तोपर्यंत लीज ८० च्या खाली गेलेलं असू शकतं. कायद्याची नोटीस दिली, तिला सेक्शन ४२ ची नोटीस म्हणतात, की ज्या दिवशी ती दिली त्या दिवशी उरलेली वर्षंच हिशेबाला धरतात, पुढे बोलणी कितीही लांबू दे. माझ्या मते सगळ्या कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

मग त्यांनी लीजचंच काम करणारा सॉलिसिटर बघितला, घर घेताना होता तो नाही, कारण हे काम सगळ्यांना जमतं असं नाही, आणि वेगळा व्हॅल्युअर लावला. उन्हाळ्यात नोटीस गेली. नोटिशीत आपला आकडा लिहावा लागतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला कमीत कमी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. तो प्रीमियमच्या १० टक्क्यांपर्यंत डिपॉझिट मागू शकतो, मागितलं. मुदत संपता संपता काउंटर नोटीस आली, हक्क मान्य पण त्यांचा आकडा आपल्या दीडपट. लेक घाबरली, रात्री फोन, "आई, एवढे कुठून आणायचे गं?" पण सॉलिसिटरने सांगितलं की पहिला आकडा असाच येतो, आता दोन्हीकडचे व्हॅल्युअर बोलतील. बोलले, आणि मधे कुठेतरी, आपल्या आकड्याच्या जरा जवळ जमलं. जमलं नसतं तर ट्रिब्युनल आहे, काउंटर नोटिशीनंतर दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ते सहा महिने चुकवले तर नोटीस मागे घेतली असं धरतात, म्हणजे त्या नोटिशीवर केलेलं सगळं गेलं. तारखा डायरीत लिहून ठेवा, सॉलिसिटर बघेल म्हणून सोडू नका. उलट फ्रीहोल्डरने दिलेल्या मुदतीत उत्तरच दिलं नाही तर तुम्ही कोर्टात जाऊन तुमच्याच नोटिशीतल्या अटींवर लीज मागू शकता.

त्यांच्याच ओळखीतल्या एका कुटुंबाचं, तेही आपल्या तालुक्यातलंच, नाव गाव सांगत नाही, लीज ६० च्या घरात आलं. त्यांना फ्लॅट विकून मोठं घर घ्यायचं होतं. गिऱ्हाईक आलं, किंमत ठरली, आणि गिऱ्हाइकाच्या बँकेने कर्ज नाकारलं. तिथल्या बऱ्याच बँका ७०-८० वर्षांच्या खालच्या लीजवर कर्ज द्यायला नाखूश असतात. मग उरतो तो रोखीने घेणारा, आणि तो पाडून मागणारच. अशा माणसाला एक वाट आहे, विकायच्या आधी आपण नोटीस द्यायची आणि त्या नोटिशीचा फायदा विक्रीबरोबर घेणाऱ्याच्या नावावर करून द्यायचा. ही वाट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

आता नवीन कायद्याबद्दल, कारण लोक म्हणतात की कायदा बदललाय मग थांबूया. २०२४ च्या मे महिन्यात तिथे लीजहोल्ड आणि फ्रीहोल्डचा नवा कायदा पास झाला. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षं आहेत, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, हिशेबात धरायच्या ग्राउंड रेंटला फ्लॅटच्या किमतीच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, समोरच्या वकिलाचा खर्चही बहुतेक वेळा आपल्यावर येणार नाही असं आहे. ऐकायला सोन्यासारखं. पण कायदा पास होणं आणि लागू होणं यात अंतर असतं हे आपल्याला सांगायला नको. आतापर्यंत त्यातली लागू झालेली आणि लीज वाढवणाऱ्याला कामाची एक गोष्ट म्हणजे पूर्वी फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाल्याशिवाय नोटीस देता येत नव्हती, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. आता घेतला आणि नाव लँड रजिस्ट्रीत चढलं की नोटीस देता येते. बाकी ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यूचा भाग मी हे लिहितेय तोवर चालू झालेला नाही. फ्रीहोल्डर लोक कोर्टात गेले होते, हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं, तरी सरकारचे नियम यायचे आहेत.

मग थांबायचं की नाही? ज्यांचं लीज ८१-८२ वर आहे त्यांनी माझ्या मते अजिबात थांबू नये. कायदा वेळेत आला नाही आणि रेषा ओलांडली तर तोटा ठरलेला आहे. ज्यांचं आधीच ७०-७५ वर गेलंय आणि विकायची घाई नाही त्यांनी व्हॅल्युअरशी बोलून ठरवावं, कारण मॅरेज व्हॅल्यू खरंच गेली तर त्यांचा मोठा फायदा आहे आणि तोवर वर्षं कमी होतील तो तोटा, दोन्ही तराजूत घालून बघावं लागेल. आणि ज्यांचं १०० च्या वर आहे त्यांना आज काही करायची गरज नाही, फक्त ग्राउंड रेंट किती वर्षांनी दुप्पट होतं तेवढं बघून ठेवा. काही लीजमध्ये दर १० वर्षांनी दुप्पट असं लिहिलेलं असतं, २५० पासून सुरू केलं तर पन्नास वर्षांनी ८,००० होतात, अशा फ्लॅटांवरून तिकडे मोठा गदारोळ झाला. ३० जून २०२२ पासून दिलेल्या बहुतेक नवीन लीजवर ग्राउंड रेंट घेताच येत नाही, पण जुन्यांना ते लागू नाही.

अजून एक, इथे परत आलेल्यांसाठी. काही जण तिथला फ्लॅट भाड्याने देऊन गोव्यात परत आलेत. लीज वाढवायला तिथे राहावं लागत नाही, पूर्वी नोटिशीवर स्वतःच सही करावी लागायची, २०१४ पासून तुमच्या वतीने सॉलिसिटर करू शकतो. पण ग्राउंड रेंटची बिलं तिथल्या पत्त्यावर जातात आणि भाडेकरू ती कचऱ्यात टाकतो, असं होऊ देऊ नका, पत्ता बदलून घ्या. थकबाकी ३५० पौंडांच्या वर गेली किंवा तीन वर्षांच्या वर राहिली तर फ्रीहोल्डर लीजच रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो.

आपल्याकडे १९७५ साली मुंडकार कायदा आला, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहिलेल्या माणसाला कोणी उठवू शकणार नाही आणि तो ते घर ठरावीक किमतीला विकत घेऊ शकतो असा हक्क दिला. कचेरीत मी त्या केसेस बघितल्यात. हक्क कायद्याने मिळालेला होता पण अर्ज कधी करायचा, कुठे करायचा, कुठला कागद जोडायचा हे माहीत नसल्याने किती घरं अजून तशीच आहेत, म्हातारी माणसं गेली, पोरांना पत्ता नाही. इंग्लंडात गेलेल्या आपल्या पोरांचं तेच होताना दिसतंय आणि म्हणून जीव तुटतो. हक्क आहे, वाट आहे, फुकट सल्ला देणारी सरकारी पैशावर चालणारी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस आहे, तिच्या साइटवर प्रीमियमचा अंदाज देणारं कॅल्क्युलेटर आहे, तरी माहिती घरापर्यंत पोचत नाही.

गोवा सरकारचं एनआरआय कमिशनरचं ऑफिस आहे. त्यांनी यावर एक साधं चार पानी पत्रक मराठीत आणि कोंकणीत काढावं, ही माझी जाहीर विनंती. खर्च काही नाही. पासपोर्टच्या कामाला माणसं ज्या एजंटांकडे, ज्या चर्चमध्ये, ज्या पंचायतीत खेपा घालतात तिथे ठेवा. तिथल्या गोंयकारांच्या संघटना फुटबॉल आणि फेस्त छान करतात, त्यांनी वर्षातून एक दुपार लीजवाल्या सॉलिसिटरला बोलवावं. आणि आपल्या पेपरने यावर जाणकाराकडून एखादी लेखमाला लिहून घ्यावी, मी कायद्याची पदवीधर नाही, जे स्वतः वाचलं आणि घरात घडलं तेवढं लिहिलंय, प्रत्येकाने आपल्या सॉलिसिटरला विचारूनच पुढचं पाऊल टाकावं.

आईबापांना एवढंच सांगते, नाताळाला किंवा शिगम्याला पोरं घरी आली की लीजचं पहिलं पान दाखवायला सांगा. त्यांच्याकडे नसेल तर तिथल्या सरकारी लँड रजिस्ट्रीच्या साइटवर ७ पौंड भरून टायटल रजिस्टर कोणालाही काढता येतं, गोव्यात बसूनही, त्यात लीजची तारीख आणि मुदत लिहिलेली असते. सरकारी साइटच बघा, सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. आणि अजून घेतलेला नसेल, नुसतं बघणं चालू असेल, तर पैसे पाठवायच्या आधीच विचारा, आणि वर्षं ८५ च्या खाली असतील तर विकणाऱ्यालाच आधी लीज वाढवून द्यायला सांगा किंवा तेवढी किंमत कमी करून मागा.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक नियमित वाचक